उभ्याने जेवणारं शहर

सेव्हिया शहरात सांता कातालिना चर्चजवळच्या कोपऱ्यावर ‘एल रिंकोन्सियो’ नावाचा बार आहे. त्याची स्थापना १६७० सालची सांगतात. तानाजी मालुसरे कोंढाण्यावर पडले ते हेच वर्ष. छताला डुकराच्या वाळवलेल्या तंगड्या टांगलेल्या, भिंतीवर रंगीत टाइल्स, मागे छताला भिडलेली बाटल्यांची कपाटं आणि पुढे गडद लाकडाचा जाड काउंटर. काउंटरमागचा माणूस तुमच्यासमोर बशी ठेवतो आणि खडूने लाकडावरच आकडा लिहितो. दुसरी बशी आली की त्याखाली दुसरा आकडा. निघताना तो उभी बेरीज मारतो, पैसे घेतो, ओलं फडकं फिरवतो आणि ती जागा पुढच्या गिऱ्हाइकाला मोकळी करून देतो. असा हिशोब चालतो, कारण गिऱ्हाईक आपली हातभर जागा सोडत नाही आणि काउंटरमागचा माणूस चेहरा विसरत नाही.

दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसिया प्रांताची ही राजधानी. वस्ती सात लाखांच्या आतबाहेर, उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर. घरं लहान, गल्ल्या अरुंद, आणि माणसं सदैव घराबाहेर. इथे जेवायला जायचं म्हणजे टेबल धरून तासभर बसायचं असं नाही. एका ठिकाणी उभ्याने एक पेला, एक बशी, मग चार पावलं चालून दुसरं ठिकाण, तिथलं जे नावाजलेलं असेल ते, मग तिसरं. त्या बशीला तापा म्हणतात, अनेक बशांना तापास. ग्रानादात पेल्याबरोबर ती फुकट येते, सेव्हियात तिचे पैसे पडतात, उत्तरेला सान सेबास्तियानमध्ये पावाच्या तुकड्यावर काडी टोचून मांडतात. ही रीत कुठल्या राजामुळे सुरू झाली याच्या चार-पाच गोष्टी सांगितल्या जातात. त्यातली एकही कागदोपत्री सिद्ध होत नाही, म्हणून त्या सोडून देऊ.

तापास जगभर पोचले. पेनेलोपी कासास यांचं तापासवरचं इंग्रजी पुस्तक १९८५ साली अमेरिकेत निघालं, १९९३ साली वॉशिंग्टनमध्ये होसे आंद्रेस यांच्या हाताखाली ‘हालेओ’ उघडलं, आणि आज मुंबई-पुण्यातल्या हॉटेलांच्या मेन्यूकार्डावरही हा शब्द सापडतो. तिथे त्याचा अर्थ मोठ्या किमतीची छोटी बशी एवढाच उरलाय. बशा कुठेही नेता येतात. पण ज्या पेठेतल्या माणसांसाठी त्या भरल्या जातात ती पेठ नेता येत नाही, आणि तापास समजून घ्यायचे तर आधी ती पेठ पाहावी लागते.

•

ग्वादालकिविर नदीच्या पलीकडच्या काठाला त्रियाना आहे. कित्येक शतकं इथे होड्या जोडून केलेला पूल होता. सध्याचा लोखंडी पूल १८५२ चा. कुंभार, खलाशी, गोदीतले मजूर आणि फ्लामेंको गाणारी जिप्सी घराणी यांची ही वस्ती. १४९२ साली कोलंबसच्या ताफ्यातून नव्या जगाची जमीन पहिल्यांदा ज्याच्या नजरेला पडली असं सांगतात, तो खलाशी रोद्रिगो दे त्रियाना याच पेठेचं नाव लावतो. आजही इथली जुनी माणसं पूल ओलांडताना ‘सेव्हियाला चाललो’ असं म्हणतात, जणू आपण राहतो ते गाव वेगळंच.

आतल्या एका गल्लीत एक बार आहे. त्याचं नाव मुद्दाम देत नाही. नाव यादीत गेलं की अशा जागेचं काय होतं ते पुढे येईलच. सकाळी सातच्या सुमाराला शटर वर जातं. पहिली गर्दी न्याहारीची. काचेच्या पेल्यात दूध घातलेली कॉफी आणि भाजलेल्या पावावर ऑलिव्हचं तेल, किसलेला टोमॅटो, वर मीठ. मुलांना शाळेत सोडून आलेल्या आया, रात्रपाळी करून परतलेली नर्स, पेन्शनर. आपल्याकडे बारच्या दाराला काळी काच असते आणि घरातलं माणूस तिथे गेल्याचं चारचौघांत बोलत नाहीत. इथे बाबागाडी काउंटरला टेकवून आजी नातवाला पावाचा तुकडा भरवते. दारू हा या जागेच्या दिवसातला एक भाग आहे, सगळा दिवस नाही.

बारानंतर काउंटरवरच्या काचेच्या पेटीत ताटल्या लागतात. मेयोनीजमध्ये कालवलेली बटाटा, गाजर आणि टूनाची कोशिंबीर. व्हिनेगरमध्ये मुरवलेले पांढरे शुभ्र बोकेरोन मासे. जाडजूड गोल तोर्तिया, म्हणजे बटाटा घातलेलं अंड्याचं ऑम्लेट. एकच्या सुमाराला पहिली बियर ओतली जाते. शहराची बियर क्रुसकांपो. ती १९०४ साली ओसबोर्न घराण्यातल्या भावांनी इथे सुरू केली, आता मालकी हाइनेकेनची. पेला जेमतेम चार घोटांचा असतो. एवढ्या उन्हात मोठा पेला संपायच्या आत कोमट होईल, म्हणून लहान घ्यायचा आणि हवा तर पुन्हा मागायचा.

दोनला गल्ली खऱ्या अर्थाने जागी होते. स्पेनचं घड्याळ सूर्याच्या पुढे धावतं. १९४० साली हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीने ते तासभर पुढे करून जर्मनीच्या वेळेला जोडलं आणि ते तसंच राहिलं. त्यामुळे दुपारचं जेवण दोन ते चार, रात्रीचं नऊनंतर. दोन वाजता या बारमध्ये खांद्याला खांदा लागतो. रंगकाम करणारे कामगार पांढऱ्या डागांच्या पँटीत, बँकेतले दोघे, औषधाच्या दुकानातली बाई. काउंटरमागे एकच माणूस, पन्नाशीचा, चष्मा कपाळावर. तो कुणाचं काहीही लिहून घेत नाही. उजव्या हाताने बियरचा नळ, डाव्या हाताने ऑलिव्हची वाटी, आणि मान न वळवता आत मुदपाकखान्याकडे हाळी. आत त्याची बायको आहे. ती दिसत नाही. फक्त खिडकीतून बशी सरकवणारा हात दिसतो, मनगटापर्यंत पिठाचा.

एक म्हातारी हातात झाकणाचा डबा घेऊन येते आणि गर्दीतून वाट काढत थेट काउंटरच्या टोकाला जाते.

“आजी, आज एकट्याच? लेक नाही आली?”

“तिला उशीर आहे. तिचं वेगळं ठेव.”

काय ठेवायचं ते ती सांगत नाही, तो विचारत नाही. शुक्रवार आहे, म्हणजे पालक आणि काबुली चणे.

गल्ल्याच्या मागे खिळ्यांवर किल्ल्या टांगलेल्या आहेत. वरच्या मजल्यांवरचे लोक कामाला जाताना ठेवून जातात. कुरिअरची खोकी आइसक्रीमच्या फ्रीजवर. दिव्याच्या खांबाजवळच्या इमारतीतले आजोबा दोन दिवस न्याहारीला दिसले नाहीत तर कुणीतरी वर जाऊन बेल वाजवतं. नाताळाच्या लॉटरीचा एकच नंबर सगळ्या गिऱ्हाइकांत वाटला जातो. २२ डिसेंबरला निघणाऱ्या या सोडतीचं एक दशांश तिकीट वीस युरोला मिळतं. पेठेतल्या बारने धरलेला नंबर लागला तर सबंध गल्लीला लागतो, आणि आपण तेवढं घेतलं नाही तर जन्मभर हळहळ. २०१४ साली लॉटरीने या भीतीवरच जाहिरात केली होती. जाहिरातीतल्या मान्युएलने त्या वर्षी तिकीट घेतलेलं नसतं, बारला बक्षीस लागतं, तो संकोचत अभिनंदन करायला जातो. बारवाला अंतोनियो त्याच्याकडे एका कॉफीचे एकवीस युरो मागतो. एक कॉफीचा, वीस त्याच्यासाठी बाजूला ठेवलेल्या तिकिटाचे. त्या जाहिरातीने सारा देश रडला. स्पॅनिश माणसाला बार म्हणजे काय वाटतं हे समजून घ्यायला ती छोटीशी फिल्म पुरेशी आहे.

•

आता बशीकडे येऊ. आजी घेऊन गेली त्या पालक-चण्यापासूनच सुरुवात करावी, कारण सेव्हियाच्या इतिहासाचा बराच भाग त्या एका मातीच्या वाटीत आहे.

ऑलिव्हच्या तेलात लसूण आणि पावाचे तुकडे लाल होईपर्यंत तळायचे. ते खलबत्त्यात जिऱ्याबरोबर कुटायचे, लाल पाप्रिका आणि थोडं व्हिनेगर घालून वाटण करायचं. शिजलेले काबुली चणे आणि परतून आटवलेला पालक या वाटणात मंद आचेवर मुरू द्यायचा. पाणी जवळजवळ राहत नाही. चमचा उभा राहील इतकं घट्ट. वर तळलेल्या पावाचा त्रिकोण. पहिला घास घेतला की मराठी जिभेला जिरं आणि लसूण ओळखीचे वाटतात, आणि मग मागून व्हिनेगरची आंबट चाहूल येते, ती आपल्या कुठल्याच पालेभाजीत नसते.

पालक इथे अरबांनी आणला. सेव्हियावर आठव्या शतकापासून १२४८ पर्यंत मुस्लिम सत्ता होती. बाराव्या शतकात याच शहरातल्या इब्न अल-अव्वाम या जाणकाराने शेतीवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात पालकाची लागवड आहे. १२४८ साली फर्नांदो तिसरा याने शहर जिंकलं. पुढे १४८१ पासून इन्क्विझिशन या धर्मन्यायालयाचं ठाणं त्रियानातल्या सान होर्हे किल्ल्यात बसलं. ते तिथे तीनशे वर्षं होतं. बाप्तिस्मा घेतलेला ज्यू किंवा मुसलमान मनातून बदललाय की नाही हे ठरवताना त्याच्या चुलीवर काय शिजतं ते साक्षीत विचारलं जाई. डुकराचं मांस टाळतो का? चरबीऐवजी तेलात शिजवतो का? शेजारी साक्ष देत. आज त्या किल्ल्याच्या पडक्या भिंतींवर त्रियानाची मंडई उभी आहे. तळघरात अवशेष, वर टोमॅटो, मासे आणि तापासचे चार-पाच बार. तेलातला पालक आणि डुकराची तंगडी आज एकाच काउंटरवर शेजारी-शेजारी येतात. कधीकाळी या दोन बशांवरून माणसाचा जीव जात असे, हे त्या मंडईत उभं राहून खाताना विसरता येत नाही आणि विसरू नये.

तंगडी म्हणजे हामोन. तिच्याबद्दल थोडं तपशिलाने सांगायला हवं, कारण फसवणूक सगळ्यात जास्त इथेच होते. सेव्हियाच्या उत्तरेला आणि पश्चिमेला ओकच्या विरळ रानांची कुरणं आहेत, त्यांना देएसा म्हणतात. इबेरियन जातीची काळी डुकरं ऑक्टोबरपासून हिवाळा संपेपर्यंत तिथे मोकाट चरतात आणि झाडाखाली पडलेली ओकची फळं खाऊन वजन धरतात. मग मांस मिठात मुरवून डोंगरातल्या हवेत दोन-तीन वर्षं, कधी त्याहून अधिक, टांगून ठेवतात. उएल्वा प्रांतातलं हाबुगो गाव यासाठी प्रसिद्ध. २०१४ पासून सरकारने तंगडीला रंगीत पट्टी सक्तीची केली आहे. काळी पट्टी म्हणजे शंभर टक्के इबेरियन आणि ओकच्या फळांवर वाढलेलं. लाल म्हणजे फळांवरच वाढलेलं पण संकरित. हिरवी म्हणजे मोकळं चरलेलं, दाणाही खाल्लेलं. पांढरी म्हणजे गोठ्यात दाण्यावर पोसलेलं. पाटीवर काहीही लिहिलेलं असो, पट्टी पाहावी.

कापणं ही स्वतंत्र विद्या आहे. तंगडी लाकडी घोडीवर आडवी बसवलेली. सुरी लांब, अरुंद, लवचिक. कापणारा माणूस ती जवळजवळ सपाट धरतो आणि आरपार दिसेल असा काप काढतो, बोटभर लांब, कडेला चरबीची पांढरी रेघ. काप बशीत पडतो तेव्हा ती रेघ अपारदर्शक असते. संवादाची दोन वाक्यं होईतो खोलीच्या उबेने तिला तकाकी येते आणि ती पारदर्शक होऊ लागते. तेव्हा खायचा. टांगलेल्या तंगड्यांच्या टोकाला छोट्या उलट्या छत्रीसारखी वाटी खोचलेली असते, निथळणारी चरबी गिऱ्हाइकाच्या डोक्यावर पडू नये म्हणून.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांना मात्र मी तळलेल्या माशांकडे आधी न्यावं असं म्हणेन. ‘कासोन एन आदोबो’ हा लहान शार्क, आपल्या मोरीच्या गोतातला. चौकोनी तुकडे व्हिनेगर, लसूण, जिरं, ओरेगानो आणि पाप्रिकात रात्रभर मुरवतात, पिठात घोळवून तळतात. मांस मुरवण्याची हीच व्हिनेगर-लसणाची इबेरियन रीत पोर्तुगीजांबरोबर गोव्यात उतरली आणि तिथे मिरची घेऊन विंदालू झाली. या जातीचा शार्क आज धोक्यात आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने २०२० मध्ये त्याला अतिसंकटग्रस्त ठरवलं. त्यामुळे अनेक ठिकाणी त्याच नावाखाली दुसरा मासा असतो. विचारून घ्यावं.

आणि कादिसकडची कोलंबीची तोर्तियिता. करंगळीच्या नखापेक्षा लहान, सालीसकट खायच्या कोलंब्या, कांद्याची पात, पार्सली, आणि गव्हाच्या पिठात हरभऱ्याचं पीठ. हो, बेसन. पातळ भिजवून तेलात पसरतात, जाळीदार कुरकुरीत चकती होते. तिथल्या सानलूकार गावच्या चौकातल्या ‘कासा बाल्बिनो’त ही खाताना मालवणच्या जवळ्याच्या भज्यांची आठवण न येणारा मराठी माणूस मला दाखवा. दोन्ही किनाऱ्यांवर इवल्या कोलंबीला हरभऱ्याचंच पीठ का सुचलं, याचं उत्तर बहुधा स्वस्ताई हेच आहे. जाळ्यात उरलेला बारीक माल आणि घरातलं पीठ.

बटाट्याचा प्रवास तर सेव्हियातूनच मोजतात. १५०३ पासून दोनशे वर्षं अमेरिकेचा बहुतेक सगळा स्पॅनिश व्यापार कायद्याने याच नदीतून चालला. शहरातल्या एका धर्मादाय इस्पितळाच्या १५७३ च्या खर्चाच्या वहीत बटाट्याची खरेदी नोंदली आहे आणि युरोपातल्या अगदी जुन्या नोंदींत ती धरली जाते. त्या इस्पितळाच्या इमारतीत आता आंदालुसियाची विधानसभा भरते. आपल्या किनाऱ्यावर तोच कंद पोर्तुगीज जहाजांतून आला. इथे तो तेलात मऊ करून अंड्यात बांधतात. त्यात कांदा घालावा की नाही यावर स्पेनमध्ये घराघरांत भांडणं आहेत. माझं मत कांद्याच्या बाजूने आहे.

पेल्यात बियर नसेल तर शेरी असावी. शेरी म्हणजे गोड काहीतरी असा आपल्याकडे समज आहे. फिनो आणि मान्सानिया या इथल्या रोजच्या शेरी ठणठणीत कोरड्या, बर्फासारख्या गार, खारवलेल्या बदामाच्या चवीच्या. हेरेस, एल पुएर्तो आणि सानलूकार या तीन गावांच्या त्रिकोणात ती होते. सहाशे लिटरचं पिंप पाचशेपर्यंतच भरतात. वरच्या मोकळ्या जागेत वाइनवर यीस्टची मलईसारखी साय धरते आणि ती हवेपासून वाइनला राखते. पिंपांच्या रांगा एकावर एक. सगळ्यात खालच्या रांगेतून थोडी काढायची, वरच्या रांगेतून तेवढी भरायची, त्या वरच्या रांगेत आणखी वरून. खालचं पिंप कधी रिकामं होतच नाही, म्हणून बाटलीवर साल लिहिता येत नाही. समुद्राकाठच्या सानलूकारला ही साय दमट हवेत जाड धरते, आणि तिथल्या मान्सानियात चव नाजूक उतरते. हामोनबरोबर तीच घ्यावी.

•

त्या गल्लीत दुपारी चारनंतर टाइलच्या भिंतीला पाठ लावून बोलायला वेळ मिळतो. बोलणं फिरून दोनच गोष्टींवर येतं: पुढे कोण चालवणार, आणि गिऱ्हाईक कुठे गेलं.

पहिल्या प्रश्नाला एक उत्तर स्पेनने अनपेक्षितपणे शोधलं आहे. असा बार म्हणजे पहाटे उठणं, मध्यरात्री झोपणं, सुट्टी ऑगस्टमध्ये. मुलांनी इंजिनिअर व्हावं असंच आईबापांना वाटतं. २००८ च्या मंदीनंतर निवृत्त होणाऱ्या मालकांकडून माद्रिदसारख्या शहरांत कितीतरी पेठांतले बार चिनी कुटुंबांनी चालवायला घेतले. यातले बहुतेक लोक चच्यांग प्रांतातल्या चिंगत्यान परिसरातले. त्यांनी पाटी बदलली नाही, मेन्यू बदलला नाही, बऱ्याच ठिकाणी जुनी स्वयंपाकीण ठेवून तिच्याकडून तोर्तिया शिकून घेतली. सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली. आता त्याच काउंटरवर पेन्शनरांचे पत्ते चालतात आणि चिनी मालकाची मुलगी आजोबांना विचारते, साखर एक की दोन? रक्ताची नव्हे, काउंटरची वारसदारी आहे ही, आणि मला ती फार मोलाची वाटते. ज्यांना परके म्हणून हिणवलं गेलं त्यांनीच कित्येक पेठांची बैठक टिकवली.

दुसरा प्रश्न अवघड आहे. काउंटर टिकला, स्वयंपाकीण टिकली, पण वरच्या मजल्यावर राहणारी माणसंच गेली तर? सेव्हियाच्या जुन्या भागात आणि त्रियानात पर्यटकांना दिवसाच्या हिशोबाने दिले जाणारे फ्लॅट इतके वाढले की भाडेकरूंना घर मिळेना. दोन रात्रींसाठी आलेल्या पाहुण्याला डबा भरून पालक नको असतो, त्याला फोटोतली सांग्रिया हवी असते, आणि तीही टेबलावर, बाहेर, संध्याकाळी सहा वाजता. मग काउंटर आखूड होतो, फुटपाथवर टेबलं वाढतात, फळ्यावरची खडूची यादी जाऊन चार भाषांतलं चित्रांचं मेन्यूकार्ड येतं. न्याहारीला उघडणं परवडेनासं होतं. एखाद्या यादीत ‘अस्सल’ म्हणून नाव छापून आलं की हे सगळं दोन हंगामांत उरकतं. तीन युरोची तापा पाचची होते. त्याच वेळी अर्धी आणि पूर्ण थाळीच ऑर्डर करा असा आग्रह सुरू होतो, कारण टेबल अडवून एका बशीवर बसलेलं गिऱ्हाईक तोट्याचं. उभ्याने खाणाऱ्या माणसावर जो हिशोब जमत होता तो बसणाऱ्यावर जमत नाही.

लोकांचा संताप रस्त्यावर आला. २०२४ च्या उन्हाळ्यात मालागा आणि बार्सिलोनात मोर्चे निघाले. बार्सिलोनाने २०२८ पर्यंत पर्यटक-फ्लॅटचे दहा हजारांवर परवाने संपवण्याचं जाहीर केलं. सेव्हियाच्या महापौरांनी बेकायदा फ्लॅटचं पाणी तोडण्याची भाषा केली आणि पालिकेने वस्तीनिहाय दहा टक्क्यांची मर्यादा घालायचं पाऊल उचललं. माझ्या मते ही पावलं योग्य दिशेची आहेत आणि उशिराची आहेत.

बारची बाजू घेताना शेजाऱ्यांची तक्रारही ऐकली पाहिजे. रात्री एकपर्यंत खिडकीखाली हसणं, खुर्च्या ओढणं, काचा खळखळणं. खाली बार असलेल्या पहिल्या मजल्यावर तान्हं मूल झोपवून पाहा. २ जानेवारी २०११ पासून बारमध्ये सिगारेट पूर्ण बंद झाली, तेव्हापासून धूर आणि आवाज दोन्ही बाहेर रस्त्यावर आले. स्पेनच्या अनेक जुन्या पेठांत बाल्कनीवर ‘आम्हाला झोप हवी’ असे फलक दिसतात. पण त्यातही एक फरक आहे. खालचा बारवाला ओळखीचा असेल तर माणूस खिडकीतून डोकावून त्याला नावाने हाक मारतो आणि टेबलं आत जातात. मालक कुठल्यातरी कंपनीचा असेल तर फोन पोलिसांना करावा लागतो. पेठेतला बार आणि पेठ यांचं भांडणही आपसातलं असतं.

•

जाणार असाल तर काही गोष्टी सांगून ठेवतो. शाकाहारी माणसाची इथे उपासमार होत नाही, पण प्रत्येक वेळी ‘हामोन आहे का’ हे विचारावं लागतं. साल्मोरेखो या टोमॅटोच्या घट्ट गार सारावरसुद्धा हामोनचा चुरा आणि अंडं भुरभुरतात, ते वगळायला सांगता येतं. पालक-चणे, उसाच्या काकवीत घोळलेली तळलेली वांगी, ऑलिव्ह, मेंढीच्या दुधाचं मांचेगो चीज, तळलेल्या पाद्रोन मिरच्या, व्हिनेगर आणि तेलात कालवलेले बटाटे यांवर चांगलं जेवण होतं. एप्रिलअखेर ते जूनपर्यंत दाराला ‘गोगलगायी आहेत’ असा कागद लागतो. मसालेदार कढणातल्या त्या इवल्या गोगलगायी टाचणीने काढून खातात. मांसाहारी असाल तर चुकवू नका. ईस्टरआधीच्या लेंट या उपवासाच्या चाळीस दिवसांत खारवलेल्या कॉडचे पदार्थ आणि मधात बुडवलेली पावाची तोरिखा मिळते.

टेबल मागू नका. काउंटरपाशी उभे राहा, डोळ्याला डोळा भिडू द्या, एकच पेला आणि एकच बशी मागा. ती संपली की पुढचं. सगळं एकदम मागवलं तर अर्धं गार होतं आणि स्वयंपाकिणीचा अपमान होतो. शेजारच्या माणसाच्या बशीत काय आहे ते विचारायला लाजू नका. तो सांगेल, बहुधा चाखायलाही देईल. बिल मागेपर्यंत कुणी आणणार नाही. दुपारी दोनच्या गर्दीत जा, संध्याकाळी सहाला नव्हे. चांगली जागा सापडली तर तिचं नाव मित्राला सांगा, इंटरनेटवर टाकू नका.

आणि मुक्कामासाठी कुणाच्या राहत्या इमारतीतला दिवसभाड्याचा फ्लॅट घेऊ नका. हॉटेलात उतरा, परवानाधारक गेस्टहाउसात उतरा, थोडे जास्त पैसे द्या. त्या बारच्या वरच्या मजल्यावरची खोली डबा घेऊन येणाऱ्या आजीच्या लेकीला भाड्याने मिळायला हवी आहे.